मिल्टन, आईचे तिकीट आणि १३ ऑक्टोबर

फ्लोरिडातील टँपा शहराच्या उत्तर भागात आम्ही राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन हे हरिकेन आमच्या दिशेने निघाले, तेव्हा श्रीवर्धनहून आलेली माझी आई आमच्याकडे होती आणि वादळ किनाऱ्याला लागणार होते त्याच दिवशीचे, ९ ऑक्टोबरचे, तिचे परतीचे तिकीट होते. ती १४ एप्रिलला आली होती आणि विमानतळावर तिला मिळालेल्या आय-९४ नोंदीनुसार १३ ऑक्टोबर हा तिच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता. तिकिटाची तारीख आणि मुदतीची तारीख यांत चार दिवसांचे अंतर होते, आणि ते अंतर पुरेसे आहे असेच आम्हाला वाटत होते.

त्या आठवड्यात काय घडले ते क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण ही अडचण अनेक मराठी घरांना येऊ शकते. अमेरिकेत मुलांकडे येणारे आईवडील बहुधा थंडी संपल्यावर येतात आणि सहा महिन्यांनी दसरा-दिवाळीच्या सुमारास परत जातात. अटलांटिकमधील हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वाधिक असतो. म्हणजे फ्लोरिडा, टेक्सास किंवा लुइझियानात राहणाऱ्यांच्या घरी पाहुण्यांच्या परतीचे दिवस आणि वादळाचे दिवस नेमके एकमेकांवर येतात. घर कसे सुरक्षित ठेवावे हे सांगणारी माहिती भरपूर मिळते. पण वृद्ध पाहुणा, त्याची औषधे, त्याचे तिकीट आणि त्याची मुदत या सगळ्यांचे एकाच वेळी काय करायचे, हे मला कुठेही एकत्र सापडले नव्हते.

शनिवारी, ५ ऑक्टोबरला, मेक्सिकोच्या आखाताच्या पश्चिम टोकाला कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि त्याच दिवशी त्याला मिल्टन हे नाव मिळाले. आमच्या भागातील लोक आधीच थकलेले होते. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर आदळले होते. ते टँपापासून बरेच दूरून गेले, तरी त्याने आणलेले समुद्राचे पाणी टँपा उपसागराभोवतीच्या हजारो घरांत शिरले होते. त्या घरांतील भिजलेले सोफे, गाद्या, भिंतींचे उखडलेले तक्ते अजून रस्त्यांच्या कडेला ढिगांनी पडून होते, आणि नवे वादळ आले तर हे सगळे उडत येईल ही धास्ती सर्वांच्या बोलण्यात होती. आमच्या घरी ३ ऑक्टोबरला घट बसले होते. आई दिव्यात तेल घालता घालता टीव्हीवरचा नकाशा पाहत होती आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे पश्चिमेकडून पूर्वेकडे कसं येतंय गं?" प्रश्न अगदी नेमका होता. आखातात वादळ तयार होऊन पूर्वेकडे थेट टँपाच्या दिशेने यावे, हे क्वचितच घडते. टँपा उपसागराला मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा बसला तो शेवटचा १९२१ मध्ये, आणि त्यामुळे इथे 'आपल्याकडे येत नाही' असे मानण्याची सवय अनेकांना आहे.

त्या दिवसापासून मी एकच शिस्त पाळली. समाजमाध्यमांवरचे नकाशे पाहायचे नाहीत. नॅशनल हरिकेन सेंटरचे अधिकृत पत्रक पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ या वेळांना येते, तेवढेच वाचायचे. त्या नकाशावरचा पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, तर वादळाचा केंद्रबिंदू कुठून जाण्याची शक्यता आहे एवढेच दाखवतो, आणि केंद्रबिंदू साधारण तीनपैकी दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतो. शंकूच्या बाहेर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे लागते. 'वॉच' म्हणजे वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधीचा इशारा आणि 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तास आधीचा. मला या दोन शब्दांतील फरक माहीत असल्यामुळे पुढची कामे वेळेनुसार वाटून घेता आली.

रविवारी दुपारी मिल्टन पहिल्या, म्हणजे पाचपैकी सर्वांत सौम्य, श्रेणीचे हरिकेन झाले. त्याच दिवशी विमान कंपनीने फ्लोरिडातील प्रवाशांसाठी सवलत जाहीर केली: ठरावीक तारखांच्या आत प्रवास केल्यास बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक आकारला जाणार नव्हता. मी लगेच सोमवारच्या जागा शोधल्या. आईचे तिकीट टँपाहून पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात आणि तिथून युरोपमार्गे मुंबई असे होते, आणि सोमवारी तिन्ही टप्प्यांत जागा असलेला एकही मार्ग नव्हता. मंगळवारी पहाटेचा एक मार्ग दिसत होता, पण त्यात एका अनोळखी विमानतळावर पूर्ण रात्र काढावी लागणार होती. आई ७१ वर्षांची आहे, इन्सुलिन घेते, तिला व्हीलचेअर लागते आणि इंग्रजी जेमतेम समजते. आम्ही ती जागा घेतली नाही.

दुसरा पर्याय अटलांटाचा होता. गाडीने साडेचारशे मैल, एरवी सात तास. पण तिथून नवे तिकीट काढायचे, की आहे त्याच तिकिटावर तिथून चढायचे, हा प्रश्न होता. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा न कळवता सोडला, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. टँपाऐवजी अटलांटाहून चढायचे असेल, तर कंपनीकडून तिकीट रीतसर बदलून घ्यावे लागते, आणि सवलत बहुधा त्याच शहरांपुरती असते. सोमवारी सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गावर गाड्यांची रांग लागली होती आणि वाटेतील पेट्रोल पंप रिकामे होत होते. टोल माफ झाला होता, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून गाड्या नेण्याची परवानगीही देण्यात आली होती, तरीही प्रवासाला दुप्पट वेळ लागत असल्याचे ओळखीचे लोक कळवत होते. आईला इतके तास गाडीत बसवून, तिकिटाची खात्री नसताना, अटलांटाला नेणे मला योग्य वाटले नाही.

घर सोडायचे की नाही हा प्रश्न मात्र तिकिटापेक्षा वेगळा ठेवावा लागतो, आणि माझ्या मते या संपूर्ण अनुभवातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच ठरली. हे दोन निर्णय एकत्र मिसळले की माणूस कशाचाच निर्णय घेत नाही. फ्लोरिडात पाण्याचा धोका असलेल्या पत्त्यांना ए, बी, सी अशा इंग्रजी अक्षरांचा विभाग दिलेला असतो, त्यात 'ए'ला धोका सर्वाधिक, आणि आपला विभाग काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येतो. आमच्या हिल्सबरो काउंटीने सोमवारी पहिल्या दोन विभागांना आणि सर्व मोबाइल होममधील, म्हणजे हलवता येणाऱ्या हलक्या घरांतील, रहिवाशांना घर सोडण्याचा आदेश दिला. आमचा पत्ता कोणत्याही विभागात येत नाही. इथले अधिकारी सांगतात की पाण्यापासून पळावे आणि वाऱ्यापासून लपावे. आमच्या वाट्याला वारा होता, म्हणून आम्ही घरीच राहायचे ठरवले. ज्यांचे घर विभागात येते त्यांनी मात्र असा विचार करू नये. त्या दिवशी टँपा उपसागरासाठी १० ते १५ फूट उंच पाणी चढण्याचा अंदाज होता, आणि इतक्या पाण्यात तळमजल्यावर वाचणे फार अवघड असते.

सोमवारी दुपारच्या आत मिल्टन पाचव्या श्रेणीचे झाले होते. पहिल्या श्रेणीपासून पाचव्या श्रेणीपर्यंत जायला त्याला एक दिवसही लागला नाही. आखाताचे पाणी त्या दिवसांत तीस अंश सेल्सिअसच्याही वर तापलेले होते आणि वादळाला तीच ऊर्जा मिळत होती. वाऱ्याचा वेग ताशी १८० मैलांवर, म्हणजे सुमारे २९० किलोमीटरवर गेल्याचे पत्रक आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. मला खरोखर भीती वाटली, आणि ती लपवण्याचा मी प्रयत्न केला नाही. आईने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या घरात राहून सोसले आहे. तिथे वाड्यांमधील सुपारी आणि नारळ आडवे झाले, घरांचे पत्रे गेले आणि वीज कित्येक आठवडे आली नाही. ती मला म्हणाली, "वारं येईल आणि जाईल. त्यानंतरचे दिवस कठीण असतात. पाणी भर, स्वयंपाकाचं बघ, आणि कागद कोरडे ठेव."

तिच्या सांगण्याप्रमाणे आम्ही वादळानंतरच्या दिवसांची तयारी आधी केली. माणशी दररोज एक गॅलन या हिशेबाने आठवडाभराचे पिण्याचे पाणी साठवले. दुकानातल्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून घरातले सगळे डबे, पातेली आणि कळश्या घासून नळाच्या पाण्याने भरल्या, आणि न्हाणीघरातील टब वापराच्या पाण्यासाठी भरून ठेवला. फ्रीझरमध्ये मोकळ्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवल्या, कारण भरलेला फ्रीझर न उघडता ठेवल्यास साधारण ४८ तास थंड राहतो, तर फ्रीज जेमतेम चार तास. नवरात्रामुळे साबुदाणा, दाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर घरात होतेच. आईने त्यात दशम्या आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा केला. रोख रक्कम काढून आणली, कारण वीज गेल्यावर कार्ड चालत नाही. अंगणातील कुंड्या, खुर्च्या आणि कचऱ्याचे डबे गॅरेजमध्ये घेतले. खिडक्यांसाठी प्लायवूड मात्र कुठेच उरले नव्हते. आमचे घर वाऱ्याच्या नव्या नियमांनुसार बांधलेले असल्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवावा लागला. विम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो काढले. हे करायला दहा मिनिटे लागतात आणि नंतर करता येत नाही.

आईच्या औषधांना जास्त वेळ लागला. भारतातून आणलेली औषधे प्रवासाच्या दिवसापर्यंत आणि वर थोडी, एवढीच उरली होती. आणीबाणी जाहीर झाल्यावर फ्लोरिडातील औषधदुकाने मुदतीआधी तीस दिवसांची औषधे देऊ शकतात, पण ती इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. भारतातली चिठ्ठी इथे चालत नाही. सोमवारी संध्याकाळी एका तातडीच्या दवाखान्यात दोन तास थांबून, १४० डॉलर भरून, रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिनची चिठ्ठी घेतली. ज्यांच्या घरी पाहुणे असतील त्यांनी वादळाची वाट न पाहता ही चिठ्ठी आधीच घेऊन ठेवावी. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन घरातील सामान्य तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, हे त्या डॉक्टरांनी सांगितल्यामुळे विजेची चिंता पुष्कळ कमी झाली; न उघडलेले पेन तेवढे शीतपेटीत, बर्फाला थेट न टेकवता ठेवायचे होते.

मंगळवारी, ८ तारखेला, सकाळी ९ वाजता टँपाचा विमानतळ बंद झाला. आदल्या दिवशी तसे जाहीर झाले होते, पण आमचे विमान रद्द झाल्याचा संदेश मंगळवारी दुपारी आला. तोवर मी तिकिटाला हात लावला नव्हता, आणि ते मुद्दाम. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले, तर पैसे परत मिळण्याचा हक्क जाऊ शकतो. कंपनीने विमान रद्द केले आणि प्रवाशाने पर्यायी विमान नाकारले, तर परत न मिळणाऱ्या तिकिटाचेही पैसे परत द्यावे लागतात. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास हॉटेल किंवा जेवणाचा खर्च देण्याचे बंधन मात्र कंपनीवर नसते. प्रवास विम्याचा विचारही याच वेळी अनेकांना सुचतो, पण वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

रद्द झाल्याच्या संदेशातच कंपनीने आपणहून नवी तारीख दिली होती: १५ ऑक्टोबर. इतर प्रवाशांसाठी ती चांगली तारीख असेल. आमच्यासाठी ती मुदतीनंतर दोन दिवसांनी होती. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आय-९४ वरील तारखेनंतर एक दिवस जरी राहिले, तरी तो व्हिसा रद्दबातल होतो आणि पुढच्या वेळी नव्याने अर्ज करावा लागतो. फोनवर साडेतीन तास थांबल्यावर जो प्रतिनिधी भेटला, त्याने शांतपणे ऐकून घेतले, पण १४ तारखेच्या आधीची जागा त्याला दिसत नव्हती. विमानतळ कधी उघडणार हेच कुणाला ठाऊक नव्हते. मी १५ च्या ऐवजी १४ ची जागा घेतली, आणि आधीची जागा निघाल्यास हवी असल्याची नोंद करून घेतली.

फोन ठेवल्यावर मी आणि माझ्या पतींनी ठरवले की मुदतवाढीचा अर्ज त्याच रात्री करायचा. १३ तारखेला रविवार होता आणि १४ तारखेच्या सोमवारी संघराज्याची सुट्टी होती. वीज आणि इंटरनेट बुधवारी जाणार हे जवळपास निश्चित होते. मुक्काम वाढवण्यासाठी आय-५३९ हा अर्ज असतो. मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी तो करावा असा सल्ला दिलेला असतो, पण मुदत संपण्यापूर्वी केलेला अर्ज स्वीकारला जातो, आणि तो प्रलंबित असेपर्यंत बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांच्या अडचणींचा विचार केला जातो, मात्र त्यासाठी आपल्याला मागणी आणि कारण लिहून द्यावे लागते; तारीख आपोआप पुढे जात नाही.

ऑनलाइन अर्जासाठी खाते आईच्याच नावाने आणि तिच्या ईमेलवर उघडावे लागले. पासपोर्टचे पहिले पान, व्हिसा, आय-९४ ची प्रत, मूळ परतीचे तिकीट, विमान रद्द झाल्याचा संदेश, १४ तारखेचे नवे तिकीट, त्या दिवशीचे हरिकेन सेंटरचे पत्रक, विमानतळ बंद असल्याची घोषणा आणि तिचा खर्च आम्ही करतो हे दाखवणारे बँकेचे विवरण, एवढी कागदपत्रे जोडली. सोबत एका पानाचे पत्र होते, त्यात फक्त तारखा आणि घटना होत्या. मागणी आम्ही तीस दिवसांची केली. सही म्हणून अर्जदाराने स्वतः आपले पूर्ण नाव टाइप करायचे असते. आईने चष्मा लावून, पासपोर्टवरचे स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून, ते टाइप केले. शुल्क ४२० डॉलर. कागदी अर्जाला ४७० पडतात. पैसे भरताच खात्यात पोचपावती आली. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. पोचपावतीचा छापील कागद काढला, आणि त्यानंतरच आईचा आरोग्य विमा महिनाभर वाढवला, त्याचे ९५ डॉलर झाले. तो विमाही संपण्याआधीच वाढवावा लागतो.

बुधवारी सकाळी अपोलो बीचहून आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब मुलांसह आमच्याकडे आले. त्यांच्या घरात हेलीनच्या वेळी पाणी शिरले होते आणि त्यांचा विभाग पहिलाच होता. दुपारपासून पावसाचे पट्टे येऊ लागले आणि फोनवर टोर्नेडोचे इशारे वाजू लागले. त्या दिवशी फ्लोरिडाच्या दक्षिण आणि पूर्व भागात अनेक टोर्नेडो झाले आणि सेंट लुसी काउंटीत त्यांनी माणसांचे बळी घेतले. हरिकेनच्या केंद्रापासून ते ठिकाण किती दूर होते, हे लक्षात घेतले म्हणजे शंकूच्या बाहेर असण्याचा अर्थ समजतो. जिन्याखालची खिडकी नसलेली जागा आम्ही रिकामी केली, तिथे गाद्या, विजेऱ्या, पाणी आणि बूट ठेवले. काचा फुटल्या तर अनवाणी चालता येत नाही, म्हणून बूट हवेतच. देवघरातील अखंड दिव्याचा प्रश्न आईनेच सोडवला. उघडी ज्योत ठेवू नये असे सगळीकडे सांगितले जात होते आणि घरात सहा-सात माणसे अंधारात हिंडणार होती. तिने हात जोडले, दिवा शांत केला आणि बॅटरीवरचा छोटा दिवा घटापुढे ठेवला. तिच्या मनाला ते सोपे गेले नसणार, पण तिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही.

रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सारासोटाजवळ सिएस्टा की येथे किनाऱ्याला लागले. तोवर ते तिसऱ्या श्रेणीवर उतरले होते. टँपापासून ते ठिकाण दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर आहे, आणि या साठ मैलांनी टँपाला वाचवले. केंद्र दक्षिणेकडून गेल्यामुळे आमच्याकडचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहिला आणि टँपा उपसागरातील पाणी चढण्याऐवजी मागे हटले. पाऊस मात्र केंद्राच्या उत्तरेला कोसळला. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त, आणि तिथल्या ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमचे छत फाटून उडाले. आमची वीज दहाच्या आसपास गेली. पुढचे काही तास आम्ही जिन्याखाली होतो. आईने मुलांना शेजारी घेऊन निसर्गच्या वेळी वाडीत काय काय झाले ते सांगितले, आणि मोठे झाड पडल्याचा आवाज आला की ती थांबून ऐकत असे आणि "हे आपलं नाही" किंवा "हे जवळचं आहे" असे सांगत असे.

गुरुवारी उजाडले तेव्हा आमचे घर शाबूत होते. शेजारचा मोठा ओक रस्त्यावर आडवा होता, कुंपण गेले होते. राज्यात तीस लाखांहून अधिक जोडण्यांची वीज गेली होती. इंटरनेट नव्हते, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीपाशी फोनला थोडीशी रेंज मिळे. पेट्रोल हा मोठा प्रश्न होता, कारण या भागाचे इंधन टँपा बंदरातून येते आणि बंदर बंद होते. आम्ही दोन्ही गाड्यांच्या टाक्या रविवारीच भरल्या होत्या आणि त्यातील एक गाडी आईच्या विमानतळाच्या फेरीसाठी राखून ठेवली, ती हलवलीच नाही.

विमानतळ शुक्रवारी, ११ तारखेला, सकाळी ८ वाजता उघडणार असे कळले. फोनवर पुन्हा थांबण्याइतकी रेंज नव्हती, म्हणून मी आणि माझे पती कागद घेऊन थेट काउंटरवर गेलो. सिग्नल बंद होते. बंद सिग्नलच्या चौकात प्रत्येक बाजूने थांबून आळीपाळीने जायचे असते, ते बहुतेक लोक पाळत होते. काउंटरवर दीड तास रांग होती. तिथल्या बाईंनी आय-९४ ची तारीख पाहिली, काही वेळ निमूटपणे शोध घेतला, आणि शनिवारी दुपारी टँपाहून निघणारी, त्याच रात्री अमेरिकेबाहेर पडणारी एक जागा काढून दिली. भाड्याचा फरक लागला नाही. तिकीट बदलले की व्हीलचेअरची आणि मधुमेहींच्या जेवणाची मागणी नव्या तिकिटावर आपोआप येत नाही. त्या दोन्ही तिथेच पुन्हा नोंदवून घेतल्या आणि तीनही टप्प्यांवर दिसतात ना, ते पडद्यावर पाहून घेतले. भावाला मुंबईला घ्यायला यायचे होते, त्याला एक ओळीचा संदेश गेला तो विमानतळावरच्या वायफायवरून.

शनिवारी दसरा होता. सकाळी घट हलवले, बॅगांचे वजन पुन्हा केले, आणि रस्त्यांवर झाडे व पाणी असल्यामुळे नेहमीपेक्षा दोन तास आधी निघालो. इन्सुलिन सामानातल्या बॅगेत देऊ नये, विमानाच्या पोटात ते गोठू शकते. सुरक्षा तपासणीत औषधासाठीची बर्फाची पाकिटे, अर्धवट वितळलेली असली तरी, आधी सांगून हातातून नेता येतात. आईच्या हातातील पिशवीत मी पोचपावती, रद्द विमानाचा संदेश आणि एका कागदावर इंग्रजीत तिची माहिती, औषधे आणि आमचे फोन क्रमांक दिले. व्हीलचेअरवरून आत जाताना ती म्हणाली, "तुमची वीज आली की कळव." वीज पुढच्या आठवड्यात आली, आणि तोवर आई श्रीवर्धनला पोहोचून मला रोज फोन करत होती.

आई परत गेल्यावर दोन कामे उरली होती आणि ती टाळू नयेत. आय-९४ च्या संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास पाहता येतो. त्यात १२ ऑक्टोबर ही बाहेर पडल्याची तारीख काही दिवसांनी दिसू लागली. दुसरे, निर्णय लागण्याआधीच देश सोडल्यामुळे मुदतवाढीच्या अर्जाची गरज उरली नव्हती, म्हणून खात्यातून पत्र पाठवून तो मागे घेत असल्याचे कळवले. अर्जाचे ४२० डॉलर परत मिळत नाहीत. विमानाचे बोर्डिंग पास, प्रवासाच्या इतिहासाची प्रत, पोचपावती आणि अर्ज मागे घेतल्याचे पत्र असे चार कागद एकत्र करून मी आईला पाठवले आहेत. पुढच्या वेळी इथे उतरल्यावर अधिकाऱ्याने २०२४ च्या मुक्कामाविषयी विचारले, तर ते तिच्या पासपोर्टसोबत असतील. पुढचे तिकीट आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील परतीचे काढणार आहोत. वादळांचा जोर तेव्हाही असतो, पण मुदत संपायला महिनाभर शिल्लक असेल.